दोन काढे

डॉक्टरांनी हेमराजच्या नाकातून घेतलेल्या नमुन्याचा फोटो कामिनीसमोर धरला. "शरीरात असे अतिसूक्ष्म केस जागोजागी असतात, पण सगळ्यांची घडण सारखी नसते. किडनीतले नुसते उभे असतात, तिथे यांना धोका नाही. श्वासनळीतले हलून हलून कफ बाहेर ढकलतात. यांचे जन्मापासून हलतच नाहीत, म्हणून हा खोकला. शुक्राणूच्या शेपटीची घडणही श्वासनळीतल्या केसांसारखीच. तीही हलत नसणार. लग्नाला किती वर्षं झाली?"

"बरीच," कामिनी म्हणाली.

महाल भागातल्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी हेमराजनं गाडी थांबवली. "आईले खोकल्याचंच सांगजो वं. बाकीचं राहू दे."

कामिनी उतरून घराकडे चालू लागली.

घरात सासूबाईंनी रोजच्यासारखे दोन पेले भरून ठेवले होते. लेकासाठी खोकल्यावरचा अडुळशाचा काढा आणि सुनेसाठी मूल व्हावं म्हणून उकळलेला कडूजहर काढा.

"काय म्हणे गा डॉक्टर?" त्यांनी लेकाला विचारलं. तो चपला काढत राहिला.

कामिनीनं आपला पेला उचलून नवऱ्यापुढे ठेवला.

"आजपासून दोन्ही ह्यायलेच द्या, आई."