पाच वर्षांची धीराची मुलगी

अंगणातल्या मोठ्या कढईत शिजणारा आलुबुखाराचा मुरंबा स्मारांदाच्या मांडीवर सांडला, त्याला सहा दिवस झाले होते. पाच वर्षांची पोर, पण पट्टी बदलताना एकदाही रडली नव्हती. “फार धीराची आहे आमची,” तिची आजी उशाशी बसून वॉर्डभर सांगायची. डॉक्टर ड्रागोमीर हसून म्हणायचे, “मग हिला दुखण्याचं औषध कशाला?” वॉर्डची नर्स म्हणून मीही मुकाट्याने पट्टी सोडत आले होते. त्या सकाळी मात्र कात्री उचलताना माझं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. तिने श्वास रोखून धरला होता, ओठ पांढरे पडले होते, आणि मनगटाला हात लावला तर नाडी धावत होती. मी कात्री ठेवून दिली. “डॉक्टर, औषध दिल्याशिवाय मी पट्टीला हात लावणार नाही.” “ओटिलिया, बाहेर वीस जण खोळंबलेत. ती दुखतंय म्हणाली का?” “म्हणत नाही, म्हणूनच सांगतेय. तुम्हीच नाडी बघा.” त्यांनी तिचं मनगट धरलं, घड्याळात बघून मोजलं आणि मॉर्फिन लिहून दिलं. अर्ध्या तासाने तिचा श्वास संथ झाला, तेव्हा मी पट्टी सोडायला बसले. “हे बघ राणी, दुखलं की सांगायचं. मी लगेच थांबेन.” शेवटचा थर जखमेला चिकटला होता. तो ओला करून मी हलकेच उचलला. “दुखतंय,” ती पुटपुटली. मी थांबले. माझ्या थांबलेल्या हाताकडे ती क्षणभर बघत राहिली, मग आजीच्या कुशीत तोंड खुपसून हमसून हमसून रडली.