कोरडी खोली

“आमचा मामा आणि हे मशीन, दोघांची शर्यत लावली तर कोण जिंकेल?”

विचारलं तिने एकदाचं! मैत्रिणींनी पैजच लावली होती: भर दुकानात, मामाच्या तोंडावर विचारून दाखवायचं. ग्रुपवर त्याचं नावच मुळी ‘मशीनमामा’ होतं. तिने मोबाइल समोर धरला; ग्रुपवर सगळं थेट दिसत होतं.

“अगं, काय हे?” बाबा खेकसले.

मामा मात्र खदखदून हसला. “विचारू द्या की भाचीबाईंना. ह्यांच्या मशीनला वीज लागते, तेल लागतं. मला दोन घास आणि एक खोली. शिवाय मी पावसात गंजत नाही!”

बाबांच्या बेकरीच्या भट्टीला लागणारं सगळं सरपण मामा फोडायचा आणि बेकरीमागच्या खोलीत राहायचा. आज त्याला आणलं होतं ते लाकूड फोडायचं नवं मशीन उचलून टेम्पोत चढवायला.

“सात टनांचं घ्या,” दुकानदार म्हणाला.

“दिवसाला सात टन लाकूड?”

“बाबा! टन म्हणजे ते किती जोराने दाबतं ते!” तिने आठवडाभर व्हिडिओ बघितले होते. “ओलं, गाठीचं लाकूड असलं की जास्त टन लागतात. आणि हे दोन्ही दांडे एकदम दाबले तरच पाचर खाली येते. म्हणजे चालवणाऱ्याचा हात मध्ये सापडायलाच नको.”

“पोरगी तयार आहे तुमची,” दुकानदार म्हणाला. “हिलाच बसवा मशीनवर.”

ती तिथल्या तिथे वीतभर उंच झाली.

“कुऱ्हाडीलाही दोनच हात लागतात,” मामा म्हणाला. ह्यावर कुणी हसलं नाही.

दुकानदाराने भिंतीवरची नवीकोरी कुऱ्हाड काढून त्याच्या हातात दिली. “चला तर मग. होऊन जाऊ दे.”

मागच्या अंगणात ओंडक्यांचे दोन सारखे ढीग लागले. गिऱ्हाइकं गोळा झाली. मशीनची पाचर सावकाश खाली यायची, ओंडका चिरायची, सावकाश वर जायची. तोवर मामाचे दोन ओंडके फुटलेले असायचे. ठाक! ठाक! ढलप्या नुसत्या उडत होत्या.

“मामा! मामा! मामा!” ती ओरडत होती. मोबाइल हातात नाचत होता.

मामाचा ढीग आधी संपला. टाळ्या पडल्या. मामाने कुऱ्हाड डोक्यावर धरून गोल फिरून सगळ्यांना दाखवली. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने आईकडे बघितलं. त्याची थोरली बहीण ती. तिनेही टाळी वाजवली, एकदाच.

दुकानदाराने मशीन थांबवलं नव्हतं. “आणा अजून,” तो हमालाला म्हणाला.

पुन्हा दोन ढीग पडले.

“मामा, चल ना! व्हिडिओ चालू आहे!”

मामाने कुऱ्हाड उचलली. ह्या वेळी दुकानदार दोन्ही हात दांड्यांवर ठेवून बाबांना वॉरंटी समजावून सांगत होता. मशीनकडे त्याचं लक्षही नव्हतं. पाचर खाली, पाचर वर. मामाचा एक ओंडका फुटला. दुसरा दोन घावांत. तिसऱ्यात कुऱ्हाड रुतली ती रुतलीच. त्याने ओंडक्यावर पाय दिला, ओढली. पुन्हा ओढली. तोल जाऊन तो मागे सरकला, तसं कुणीतरी फिसकन हसलं.

“सोडा, सोडा,” दुकानदार म्हणाला. अगदी गोड आवाजात. त्याने कुऱ्हाडीसकट तो ओंडका उचलून मशीनवर उभा केला आणि दोन्ही दांडे दाबले. पाचर कुऱ्हाडीशेजारून खाली आली. ओंडका उकलला. कुऱ्हाड खाली पडली. दुकानदाराने ती उचलली, पुसली आणि पुन्हा भिंतीवर टांगली.

“बांधा हेच,” बाबा म्हणाले.

ग्रुपवर हसण्याचा पाऊस पडत होता. ‘मशीनमामा खराब झाला!’ ‘जुना द्या, नवीन घ्या!’ तीही हसली. मामाही हसला, जरा उशिराने. मग खाली वाकून पसरलेल्या ढलप्या गोळा करायला लागला. दुसऱ्याच्या अंगणातल्या.

“फक्त एक सांभाळा,” दुकानदार म्हणाला. “ह्याला पाणी लागता कामा नये. गंज चढला की वॉरंटी संपली. कोरडी, बंद जागा हवी.”

“शेड आहे ना,” बाबा म्हणाले.

“शेड गळतं,” आई म्हणाली.

बाबा मशीनच्या चाकाकडे बघत राहिले. आई पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली. दोघांनाही ते सुचलं होतं. दोघंही दुसऱ्याने बोलण्याची वाट बघत होते. मामाने हातातल्या ढलप्या एकावर एक नीट रचल्या. वर बघितलं नाही.

ह्या मोठ्या माणसांना साधं काही ठरवता येत नाही! तिने मोबाइल खिशात टाकला, दोन्ही हात दांड्यांवर ठेवले आणि मान ताठ केली.

“आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय. मशीन चालवणार मी, आणि राहणार ते मामाच्या खोलीत. मामा झोपेल शेडमध्ये. तो कुठे गंजतो?”