तिसऱ्या ओळीतली चूक

"बंद कर ते! आधी बंद कर!" आरोनराव किहिमकर खाटेवरून कडाडले.

पुलगावच्या रेल्वे चाळीत यहुद्यांचं हे एकच बिऱ्हाड. चार वर्षांपूर्वी मुलगा शालोम भांडून इस्रायलला निघाला, तेव्हा "तू मला मेलास" म्हणून म्हाताऱ्यानं दार लावून घेतलं होतं. पोराचं एकही पत्र उघडू दिलं नाही. आणि आज टपालानं आल्या तबकड्या! घरातल्या जुन्या प्रार्थना, साथीला बासरी नि डफ, गाणारा शालोम आणि मागं सूर धरणारी वीस माणसं. मिल्काबाईंनी शेजारच्या कवडूचा तबकड्या वाजवायचा फोनो मागून आणला. लेकाचा आवाज ऐकायला बिचारीचा जीव नुसता कासावीस झाला होता.

"मावशीले ऐकू द्या ना, आबा. काऊन तापून राह्यले?" कवडू म्हणाला.

"तापू नको तर काय आरती ओवाळू? देवासमोर म्हणायचं ते बाजारात मांडलं मेल्यानं! वर तमाशासारखा डफ! मांडीवर बसवून ही प्रार्थना शिकवली मी त्याला, मांडीवर..." पुढचं खोकल्यात गेलं. इंजिनात कोळसा टाकण्यात जन्म गेलेला माणूस. छाती दाबून बसला.

तबकडी फिरतच होती. शालोमचा आवाज चढला. तिसऱ्या ओळीत, ऐन देवाच्या नावापाशी, तो थबकला. मग नाव घेतलं. मागची वीस माणसंही तिथंच थबकली. ओळ पुन्हा आली, पुन्हा तसंच.

"ऐकलंस? देवाच्या नावाआधी थांबतो, गाढव! माझा बाप कधी थांबला नाही, आजा थांबला नाही. आणि त्या वीस बैलांनाही तेच शिकवलं!" म्हातारा लटपटत उठला. तबकडी फोडायला त्यानं हात घातला.

मिल्काबाईंनी तो हात मनगटापाशी धरला. उभ्या संसारात पहिल्यांदा.

"खबरदार! तुमचा बाप नव्हता थांबत, पण तुम्ही थांबता. पोर मांडीवर होतं तेव्हापासून दर शुक्रवारी, सांजेच्या प्रार्थनेत, त्याच ओळीला दम लागतो तुम्हाला. पोराला वाटलं, प्रार्थनाच तशी आहे. तुमचा श्वास परत येईस्तोवर तिकडं वीस माणसं देवाला थांबवून उभी आहेत. फोडा आता!"