बसवलेली मान

तालमीतल्या कुस्त्या आटल्या, तेव्हा सुबराव वस्तादांनीच रणधीरला अमेरिकन फुटबॉलच्या नव्या संघात घातलं. "नावाला फुटबॉल, पायाला विचारतंय कोण! अंगावर जायचं, आडवं पाडायचं. कुस्तीच की रं!"

जयसिंगपूरच्या मैदानावर रणधीर डोकं खाली घालून समोरच्यावर आदळला आणि उठलाच नाही.

"मानेत कळ येतीया, वस्ताद."

पुण्याहून आलेला कोच लांबून ओरडत धावला, "हेल्मेट काढू नका! मान हलवू नका! ॲम्ब्युलन्स येतेय!"

वस्तादांना हसू आलं. चाळीस वर्षांत त्यांनी शंभरएक माना बसवल्या होत्या, आणि या कोचाला अजून मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. त्यांनी हेल्मेट उपसून काढलं, हनुवटी धरली आणि सवयीचा झटका दिला. कडकन आवाज झाला. तालमीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"गेली कळ," रणधीर म्हणाला.

"मग! आमची विद्या हाय ती." वस्तादांनी कौतुकानं त्याचे बूट काढले आणि मांडीवर पाय घेऊन तळवे रगडायला सुरुवात केली. "चल, ऊठ आता."

"उठतो की. तेवढे पाय चोळा जरा, वस्ताद."

वस्ताद मघापासून तेच करत होते.