आठवडाभराची तालीम

"शाळेत मी आई नाही हं, टीचर. काय म्हणायचं?"

"टीचर."

आपल्याच बालवर्गात लेकाचं नाव घातल्यापासून तिने आठवडाभर हे घोटून घेतलं होतं. उगाच बाकीच्या आयांनी नावं ठेवायला नकोत.

पहिल्या दिवशी वर्गात नुसता आकांत! कुणी दाराला लटकलेलं, कुणी दप्तर फेकून दिलेलं. एकेकाला कडेवर घेऊन, नाक पुसून ती समजावत होती, "आई येणार हं आत्ता." तिचा लेक तेवढा कोपऱ्यात ठोकळा धरून गप्प बसला होता. पढवलेलं कामी आलं म्हणून ती मनातून खूश.

सगळी शांत झाल्यावर त्याने हळूच येऊन तिचं बोट धरलं.



"टीचर, माझीपण आई येणार ना?"