व्हॅनमधला शेवटचा आवाज

"अजून घरघर हायच," रत्नम्मा म्हणाली आणि व्हॅनमधून खाली उतरली.

जोतीरामने कपाळाला हात लावला. अक्कलकोट रोडवर त्याचं कुशनचं दुकान होतं. ट्रकच्या सीटा शिवता शिवता त्याचे केस पिकले होते. पण गिऱ्हाइकानं सीट सोडून गाडीच्या आवाजाची तक्रार घेऊन यावं, हे शहाहत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं.

"वैनी, मागल्या खेपेला दारं खडखडत हुती. ती गप केली का न्हाय?"

"केली की."

"मग?"

"आता दुसरंच ऐकू येतंय. बारीक हाय, पण सारखं हाय."

व्हॅन होती तिच्या नवऱ्याची, सिद्धारामची. दोघं तिच्यातून चादरी आणि टॉवेल घेऊन आठवडी बाजारांना जायचे. करमाळ्याच्या बाजारात चादर विकावी तर रत्नम्मानंच. ती चादर झटकून उलगडायची आणि सरळ गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टाकायची. एकदा अंगावर आलेली चादर परत द्यायचं माणसाच्या जिवावर यायचं. सिद्धाराम नुसते गठ्ठे सोडायचा आणि बांधायचा.

पण गेल्या महिन्यात रत्नम्मानं साफ सांगून टाकलं की या पत्र्याच्या डब्यात डोकं भणभणतं, मी काही आता येत नाही.

सिद्धाराम घाबरला. धंद्याचं तर होतंच, पण तिच्याशिवाय रस्ता त्याला खायला उठायचा. दोन शब्द बोलायचे ते त्या व्हॅनमध्येच, मग ओरडून का होईना. घरी कुठं बोलणार? पुढच्या भागात चादरी विणायचे खडखडते यंत्रमाग, मागच्या खोलीत संसार. आपले माग थांबले की शेजाऱ्याचे सुरू. लग्न होऊन आल्यापासून रत्नम्मा त्या मागांच्या कडेला बसून सुताच्या कांड्या भरत आली होती. जेवताना भाकरी हवी का, हेसुद्धा ती ओठ हलवून आणि बोटं नाचवून विचारायची आणि घरातले तसंच उत्तर द्यायचे. नवख्या पाहुण्याला वाटायचं, या घरात अबोला धरलाय.

म्हणून सिद्धारामनं दोन गोष्टी ठरवल्या. व्हॅन गप करायची आणि तिच्यात रेडिओ बसवायचा. गुलबर्गा केंद्रावरची कन्नड गाणी म्हणजे रत्नम्माचा जीव की प्राण. त्यानं रेडिओ आणला, पोस्टातून त्याचं लायसन काढलं आणि गाडी जोतीरामच्या दारात उभी केली.

"काय बे, गाडीचं देऊळ करतोस का?" जोतीराम तेव्हा हसला होता.

आता त्याचं हसू पळालं होतं. त्या बारीक आवाजानं त्याची झोप उडवली होती. त्यानं चाकांवरच्या पत्र्याला आतून डांबर फासलं आणि वर गोणपाट चिकटवलं. टायरची घूं घूं गेली. खाली लोकरीचा जाड नमदा अंथरला. खडीचा ताशा थांबला. छताला रेक्झिनच्या आत टॉवेलचे खराब तुकडे भरले, दारांच्या फटींना सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून लावल्या. रेडिओचा कर्णा लोखंडी पत्र्यावर किरकिरत होता, तर त्याला लाकडी खोकं केलं आणि आत सरकी काढलेला कापूस कोंबला.

प्रत्येक वेळी तिघं त्याच रस्त्याला चक्कर मारायचे. रत्नम्मा मागच्या सीटवर डोळे मिटून बसायची.

"कुटं वाजतंय, वैनी?"

"हितं," ती डावीकडं बोट दाखवायची. थोडं पुढं गेलं की म्हणायची, "न्हाय, वर हाय."

जोतीराम चालत्या गाडीत तिथं कान लावायचा. त्याला काही ऐकू यायचं नाही.

"तुमचे कान लई तिखट हैत," तो म्हणायचा. यात त्याला थोडा अभिमानही वाटायचा. असं पारखी गिऱ्हाईक रोज कुठं मिळतं!

शेवटी त्यानं इंजिनावरच्या झाकणाला आतून नमद्याचे दोन थर दिले आणि जाहीर केलं, "आता बी आवाज आला तर दुकान बंद करून मी चादरी इकीन."

त्या दुपारी तिघं परत निघाले. सिद्धारामनं रेडिओ लावला. गाणं असं काही भरून आलं, की खुद्द जोतीराम मान डोलवायला लागला. रत्नम्मा मागं रेलली. तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. थोड्या वेळानं ती गुणगुणू लागली आणि आरशात ते बघून सिद्धारामला गलबलून आलं. कितीतरी दिवसांनी तो तिला अशी निवांत बघत होता.

गाणं संपलं तसा त्यानं रेडिओ बंद केला आणि गाडी एका लिंबाखाली घेतली. तो खाली उतरला आणि मागच्या खिडकीपाशी आला. तिनं डोळे उघडले नव्हते.

"कसं वाटतंय?" त्यानं हळूच विचारलं.

"लई झ्याक. तबल्याची थाप न् थाप कळली बगा."

"मग करमाळ्याला येणार?"

रत्नम्मा हसली. "येते की. न यायला काय झालं?"

जोतीरामनं पुढच्या सीटवरून मांडीवर थाप मारली. सिद्धाराम लहान मुलासारखा हसत उभा राहिला.

"फकस्त एक करा," डोळे मिटूनच रत्नम्मा म्हणाली. "गाडी थांबलीय, तर ते इंजीन बी बंद करा की. तेवढीच घरघर ऱ्हायलीय आता."

जोतीरामनं वळून सिद्धारामकडं पाहिलं. गाडीची किल्ली मघापासून सिद्धारामच्या हातात होती.