तीनशेची खरखर

ब्राँक्समधल्या जुन्या वाद्यांच्या दुकानात लव्हर्नने आवाज साठवून वाजवणाऱ्या तीनशे डॉलरच्या सॅम्पलरवर बोट ठेवलं. "नातवासाठी का, आजी?" दुकानदाराने विचारलं. "माझ्यासाठी. जुन्या हिप-हॉपसारखा खरखरीत ड्रम हवाय." तो फिसकन हसला. "या डबड्यातून? खरखर त्या पाच हजारवाल्यात मिळते. तुम्हाला नाही कळायचं." लव्हर्नच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या तरुणपणी सॅम्पलरमध्ये जेमतेम दोन सेकंद आवाज मावायचा, म्हणून पोरं तबकडी वेगात फिरवून ड्रम भरायची, मग भरलेला आवाज सॅम्पलरवर संथ करायची. खरखर त्यातूनच यायची. पिशवीतली तबकडी काढून दुकानातल्या रेकॉर्ड प्लेअरवर तिने तेच केलं. डबड्यातून असा घोगरा ठोका निघाला की अख्खं दुकान वळलं. दुकानदाराने मात्र तिचे हात पाहिलेच नाहीत; त्याला वाटलं, कमाल डबड्याचीच. त्यावरची तीनशेची किमतीची चिठ्ठी फाडून त्याने नऊशेची चिकटवली. लव्हर्नने तबकडी पिशवीत टाकली. "नऊशे? चुलीत घाल!" ती कडाडली. "खरखर आता तूच काढ."